दार लाव गं, पलीकडचे

गाजरं धुता धुता इंतानाय म्हणाली, "माजी आई आली हुती सपनात. म्हनली, दार लाव गं पलीकडचे, गार लागतंय."

सून ओफेलियाच्या हातातलं गाजर पाटाच्या पाण्यात तसंच राहिलं. बुगियासच्या डोंगरात मेलेलं माणूस सपनात येऊन गार लागतंय म्हणालं तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. थडग्यात कुठंतरी पाणी शिरलंय, पांघरूण कुजलंय. मग थडगं उघडायचं, हाडं पुसायची, नवं पांघरूण गुंडाळायचं, काळं गावठी डुक्कर कापायचं आणि सगळ्या गावाला मटणाचा वाटा द्यायचा. नाही केलं तर ती थंडी घरात येते. आधी कोंबड्या मान टाकतात, मग माणसं.

"मग करू की, आत्ती," ओफेलिया म्हणाली. "डुक्कर हाय आपलं वाढलेलं. त्येच्यासाठी तोंड एवढं पाडाय काय झालं?"

"तोंड आईचं हुतं गं. बोली सासूची हुती."

ओफेलियानं गाजर पाटीत टाकलं. 

इंतानाय पलीकडची. पलीकडची म्हणजे तिनोककडची, पुलाग डोंगराच्या धारेच्या त्या अंगाची. पहाटे निघालं तर चढण संपेस्तोवर ऊन डोक्यावर येतं आणि उतरेस्तोवर ढग खाली येतात, एवढंच काय ते अंतर. माणसं तशीच. तसलीच बसकी नाकं, पाठीला तसल्याच पाट्या, चुलीवर टांगलेलं तसलंच धुराचं मटण. पण बोली दुसरी. इकडं कांकानाय, तिकडं कालांगुया. दोन्ही एकाच आजीच्या नाती म्हणतात. असतील. पण एका नातीला दुसरीच्या घरात मिठाचं मडकं सापडत नाही, तशी गत. अर्धं कळतं आणि अर्धं कळल्यासारखं वाटतं, आणि भांडणं होतात ती या दुसऱ्या अर्ध्यावरून.

पोर वयाची होती तेव्हा तिथनं ती इकडं आली. नवरा तुक्दिंग डुकराची पिलं घेऊन धार ओलांडून आला होता, जाताना पिलं तिथं ठेवून हिला घेऊन आला. तो तसा अबोल माणूस. मेल्यावरही सपनात येतो तर नुसता उंबऱ्यावर बसतो, जिवंतपणी बसायचा तसा. बोलायची ती त्याची आई. सुयाम तिचं नाव. सुयाम सकाळी तोंड उघडायची ते चूल विझल्यावर मिटायची. तिच्याच तोंडून इंतानाय ही बोली शिकली, आणि शिकली म्हणजे शिव्या खात शिकली. पहिल्यांदा पुरतं कळलेलं वाक्य म्हणजे, "दार लाव गं पलीकडचे, गार लागतंय." कारण इंतानायला दार लावायची सवयच नव्हती. माहेरचं घर उंच खांबांवर, दाराची फळी नुसती नावाला. अंधार पडला की शिडी वर ओढून घ्यायची, झालं काम. इकडं घर जमिनीवर, आणि डिसेंबरात कोबीच्या पानावर बर्फ धरतं तेव्हा वारा सरळ चुलीत घुसतो. म्हातारी मरेपर्यंत हे वाक्य रोज बोलली. दार लावलेलं असलं तरी बोलायची.

आणि इंतानायची आई? तिला या बोलीचं एक अक्षर येत नव्हतं. लग्नात एकदाच ती धार ओलांडून आली होती. दोघी विहिणी दिवसभर एका फळकुटावर मांडीला मांडी लावून बसल्या, एकीनं सुपारी दिली, दुसरीनं चुना दिला, दोघी लालभडक हसल्या, आणि शब्द म्हणाल तर एक नाही. परत जाताना आई लेकीच्या कानात आपल्या बोलीत म्हणाली होती, "हे लोकं बोलतात का कच्चं अळू चावतात वं? माह्याच घशात खाजून राह्यलं."

ती आई आता मरणानंतर धार ओलांडून येते आणि कच्चं अळू चावल्यासारखं बोलते, हे इंतानायच्या डोक्यात शिरेना. आई असती तर म्हणाली असती, मले हिव वाजते. गार लागतंय म्हणणारी ती नव्हेच. पण चेहरा आईचा. कपाळावरचा भाजल्याचा डाग आईचा. कडेला धरलेली पाटीसुद्धा आईची, तिची एक कडी तुटकी होती ती तशीच तुटकी.

दुसऱ्यांदा सपान पडलं तेव्हा ती आपो गालवेकडं गेली. गालवे म्हणजे गावचा पूर्वजांशी बोलणारा म्हातारा. पूर्वजांशी बरा बोलतो, जिवंत बायकोशी पटत नाही. तो बटाट्याच्या वाफ्यात बसून सडके वेगळे काढत होता.

"ओठ कुनाचे हललं?" त्यानं विचारलं.

"आईचं."

"आवाज?"

"आवाजाकडं कुनाचं ध्यान असतंय, आपो? आईचाच असंल. शब्द तेवढं सासूचं."

"पांघरूण कसलं हुतं अंगावर?"

"भिजलेलं. रंग कळंना."

हे महत्त्वाचं होतं. इकडच्या घराण्यांचं पांघरूण पांढऱ्यावर रुंद निळ्या पट्ट्यांचं, पलीकडं लाल काठाचं. मेलेल्याला चुकीच्या पट्ट्यांत गुंडाळलं तर त्याचे पूर्वज तिकडं त्याला ओळखत नाहीत, दारातनं परत पाठवतात, हे इकडंही मानतात आणि तिकडंही.

गालवेनं कोंबडं मारलं, भाजलं, उघडलं आणि पित्ताची पिशवी उजेडाला धरली. भरलेली असेल तर हो, रिकामी असेल तर नाही. ती अर्धी भरलेली होती आणि काळजाच्या दोन पाळ्यांच्या मधोमध टेकली होती. म्हातारा बराच वेळ ती इकडून तिकडून फिरवून बघत राहिला.

"कुनाला तरी गार लागतंय, एवढं खरं," तो म्हणाला.

"कुनाला?"

"ते ह्यात न्हाई."

"मग दुसरं कोंबडं बगा."

"दुसरं बगाय येतं. पर ते ह्येच्या उलटं निघालं तर काय करशील? मग तिसरं आणशील. तुजी कोंबडी संपतील, माजी भूक संपल, आनि म्हातारी कुडकुडत बसंल." त्यानं तंगडी तोडून तिच्या हातात दिली. "खा. डोकं चालंल."

डोकं काही चाललं नाही. गावाचं मात्र चाललं. पाटावर, ट्रकपाशी, जिथं चार जण कोबी रचत होते तिथं तेच. कुणी म्हणालं, तोंड आईचं तर आईच, शब्दांना काय धरतेस. कुणी म्हणालं, तोंड कुणाचंही घेता येतं, शब्द चोरता येत नाहीत. ट्रकवाल्यानं तर सांगून टाकलं, सुयाम बेरकी बाई, तिला ठाऊक होतं आपण आपल्या तोंडानं मागितलं तर सून उठायची नाही, म्हणून विहिणीचं तोंड मागून आणलं. हे इंतानायला लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं.

मुलगा मार्सेलो अलीकडं रविवारी टाळ्या वाजवणाऱ्या ख्रिस्ती देवळात जायचा. तो म्हणाला, "आये, दोनी न्हाईत. रातच्याला चायोटीची भाजी खातीस, पोटात वारं धरतंय."

"वाऱ्याला माज्या सासूची बोली येती व्हय रं?" ती म्हणाली.

"मग डुक्कर मारायचं तर मारा. पर एकच हाय. त्याच्या पाठचं अजून मांजराएवढं हाय. चुकलं तर दुसरं न्हाई."

नेमकं तिथंच सगळं अडलं होतं. डुक्कर एक, पांघरूण एक, आणि थंडी वाजणाऱ्या दोन. एकीला दिलं तर दुसरी तशीच ओली राहणार, वर अपमान. इंतानाय गोठ्यापाशी जायची, डुकराला रताळ्याचा पाला घालायची आणि त्याच्याकडं बघत बसायची. डुक्कर खायचं. त्याला काही कोडं नव्हतं.

शेवटी शब्दांनी तोंडावर मात केली. दार लाव गं पलीकडचे, हे जगात एकच बाई म्हणत होती. सुयामचं थडगं उघडायचं ठरलं.

परड्यातच होतं ते. पांघरूण विणून आलं, पांढऱ्यावर निळ्या पट्ट्यांचं. डुक्कर कापलं, भाताची दारू पुरून ठेवलेल्या मडक्यांतून काढली, गालवेनं सुयामला आणि तिच्या वरच्या सगळ्यांना नावं घेऊन हाक मारली. मार्सेलो देवळाचं नाव सांगून लांब उभा राहिला आणि मटण भाजायला पहिला आला. चार गड्यांनी दगड हलवले, पेटीचं झाकण उचललं, आणि सगळे वाकून बघत राहिले.

आत खडखडीत कोरडं. हाडं उन्हात वाळवल्यासारखी, जुनं पांघरूण जसंच्या तसं, पट्ट्यासुद्धा विटल्या नव्हत्या.

"हिला गार न्हाई लागत," गालवे म्हणाला. "हिच्यापरास मलाच जास्त लागतंय."

"मग नवं पांघरूण?" ओफेलियानं विचारलं.

"कोरड्या अंगावर दुसरं घालू नये. तसलं जादाचं पांघरूण आणिक कोन मरतंय का म्हनून वाट बघत बसतंय." त्यानं झाकण लावायला लावलं. "जेवा आता. डुक्कर मेलंच हाय."

गाव जेवलं. वाटे घरोघर गेले. लोक हाडूक चोखत एकमेकांकडं बघत होते, जेवण कशाचं झालं ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. सुयामचं तर नव्हतं. इंतानायनं आपला वाटा तसाच चुलीवर टांगला. पांघरूण घडी करून खुंटीला ठेवलं. निजताना तिनं दाराला आडणा घातला, पुन्हा उठून बघितला.

सकाळी ती चुलीपाशी आली ती म्हणतच, "परत आली."

"कोन?" ओफेलियानं विचारलं आणि लगेच हात झाडले. "सांगू नका आत्ती. मला ठावं हाय तुमाला ठावं न्हाई."

"तेच म्हनली. आनि ह्या डावाला चिडून म्हनली."

मग इंतानायनं काही विचारलं नाही कुणाला. पाटीत तांदूळ, टांगलेला मटणाचा तुकडा आणि घडी केलेलं पांघरूण घातलं, आणि धारेची वाट धरली. एकटी म्हातारी कुठं जाते म्हणून ओफेलियाही मागं निघाली. वाटेत शेवाळलेल्या झाडांतून पाणी ठिबकत होतं. चढणीला ओफेलिया म्हणाली, "तिकडचं लोक मला काय बोललं तर तुमी सांगा बरं का."

"सांगीन की. माजी मायबोली हाय ती."

भाऊ बिनवाग खाचरात गुडघाभर चिखलात उभा होता. बहिणीला बघून तो बांधावर आला, पाय न धुताच.

"काहून आली वं बाई? कोन मेलं?"

इंतानायनं तोंड उघडलं. आपल्या बोलीत सांगायचं म्हणून शब्द शोधला, आणि बाहेर आला तो सासूकडचा. तिनं तो मागं घेतला, पुन्हा सुरुवात केली. अर्धं वाक्य इकडचं, अर्धं तिकडचं, मधे एक शब्द तर कुठलाच नाही. बिनवागची नात शिडीवर बसली होती. ती फिदीफिदी हसली.

"आबा, ही कोनती बुढी होय? हिच्या तोंडात काय हाय?"

"तुयी आजीच हाय थे. चूप बस."

"मग अशी काहून बोलते?"

"धारेपल्याड राह्यते. तिकडे सारे असेच बोलतात, अळू खाल्ल्यावानी."

ओफेलियानं कोपरानं ढोसलं. "काय म्हनली पोरगी?"

"काय न्हाई," इंतानाय म्हणाली. तिचा कान शाबूत होता, सगळं कळत होतं. जीभ तेवढी तिकडंच राहिली होती, सुयामच्या चुलीपाशी. कधी राहिली हे तिला आठवेना. इतकी वर्षं ती समजून होती की माहेरची बोली कोनाड्यात ठेवलेल्या वस्तूसारखी आहे, हात घातला की मिळेल.

हळूहळू, खुणा करकरून, तिनं सपान सांगितलं. बिनवाग ऐकता ऐकता आधी हसला, मग त्यानं हातांचा चिखल बांधाच्या गवताला पुसला.

"मी रोज तिच्या कपारीपुढून पान्याची पाळी पाह्याले जातो," तो म्हणाला. "रोज. माह्या सपनात एकडाव नाई आली. इतका डोंगर चढून तुह्याकडे काहून गेली?"

इंतानायनं पाटी पाठीला लावली आणि कपारीची वाट धरली.

आईला ठेवलं होतं ते कातळाच्या कपारीत, तोंडाशी दगड रचून. इथली रीत अशी की दगड काढायच्या आधी ज्याला सपान पडलं त्यानंच मेलेल्याला हाक मारायची. दुसऱ्यानं मारलेली चालत नाही. मेलेलं माणूस दचकतं. बिनवागचं डुक्कर पाय बांधून बाजूला आडवं होतं. दारूची वाटी जमिनीवर होती. सगळे इंतानायकडं बघत होते.

ती उभी राहिली. माय, एवढा एक शब्द आला. पुढचे येईनात. लहानपणी आई दिवे लागल्यावर खाचरातून हाक मारायची ती अख्खी हाक तिला आठवत होती, चाल आठवत होती, पण शब्दांच्या जागी नुसतं हं हं हं. लोक ताटकळले. नात परत हसायच्या बेतात होती. तेव्हा इंतानायनं खांदे पाडले आणि सासूच्या बोलीत, जशी रोज परड्यातून ओरडते तशी, ओरडली, "आये, मी आलीया. दार लावाय आलीया."

पलीकडच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. ओफेलियानं तेवढी मान डोलावली. तिथं आल्यापासून तिला कळलेलं ते पहिलंच वाक्य होतं.

दगड काढले. वरचा मोठा दगड खाली सरकला होता आणि मागच्या भेगेतून पाण्याची बारीक धार थेट आत उतरत होती. पांघरुणाचा चिखल झाला होता. हाडं हिरवी पडली होती. बिनवाग तिथंच उकिडवा बसला. "मी इथून रोज जातो," तो पुन्हा म्हणाला. 

बायकांनी हाडं धुतली, धुरावर धरली, पुसली. इंतानायनं कवटीचं कपाळ पुसताना भाजल्याचा डाग शोधला. कातडीवरचा डाग हाडावर कुठून असणार, तरी शोधला. मग तिनं पाटीतून पांघरूण काढलं आणि कुजबुज सुरू झाली.

"हे नाई चालनार," बिनवाग म्हणाला. "निळ्या पट्ट्याचं तुमच्याकडचं हाय. आपली मानसं तिले घरात घेनार नाईत. कोनाची बाई होय म्हनतीन."

इंतानायनं पांघरूण छातीशी धरलं. सासूनं नाकारलं, आता आईपण नाकारते की काय. ती ओफेलियाकडं वळून म्हणाली, "ह्यास्नी म्हनावं, मागताना ती त्या बोलीत मागत हुती. मग पांघरूण कुटलं मागत असंल?"

"मी कशी म्हनू?" ओफेलिया म्हणाली. "मला कुटं येतंय. तुमची मायबोली हाय नं ती?"

शेवटी इंतानायनं हातांनीच दाखवलं. बिनवागनं स्वतःसाठी लाल काठाचं पांघरूण विणून ठेवलं होतं, इथं म्हातारी माणसं ठेवतात तसं. ते आत. निळ्या पट्ट्यांचं बाहेरून, पावसाच्या बाजूला. बिनवागनं बराच वेळ डोकं खाजवलं. असं कुणी केलेलं त्याला ठाऊक नव्हतं, आणि करू नये असं कुणी सांगितलेलंही आठवेना. त्यानं घरातून पांघरूण आणलं. भेग चिखलानं आणि दगडांनी बुजवली. तोंड लावलं. मग जेवले.

परतीच्या वाटेवर ओफेलिया म्हणाली, "आत्ती, पर तुमच्या आईला आपली बोली शिकवली कुनी?"

इंतानाय चालत राहिली. धारेवर आल्यावर म्हणाली, "शिकवनारी एकच हाय. मला जशी शिकवली तशीच शिकवत असंल तिकडं, शिव्या घालून. म्हंजी ते डुक्कर वाया न्हाई गेलं." थोडं उतरल्यावर म्हणाली, "नायतर आईनं माज्यासाठी शिकून घेतली. तिच्या बोलीत बोलली असती तर मला कळलं असतं, पर जाब देता आला नसता." आणि आणखी उतरल्यावर, "का मलाच आता सपान दुसऱ्या बोलीत पडत न्हाई, कुनास ठावं."

"तीनातलं खरं कुटलं?"

"मला इचारू नको."

सपान पडायचं थांबलं. कोबी निघाला, गाजरं निघाली, मांजराएवढं डुक्कर कुत्र्याएवढं झालं. आणि एका सकाळी बिनवाग धार उतरून दारात उभा. आयुष्यात तो कधी इकडं आला नव्हता. आत आला, बसला, पाणीसुद्धा घेईना.

"माय आली होती," तो म्हणाला. "माह्या सपनात. हासत होती. बोलली बी. पन मले एक अक्षर कळलं नाई वं बाई. तुमच्यासारखं बोलत होती. मी ते तोंडात धरून आनलं, वाटेनं कोनाशी बोललो नाई, सांडून जाईन म्हनून."

"सांग."

बिनवागनं डोळे मिटले आणि अळू चावत चावत, एकेक आवाज वेगळा ठेवत, म्हणाला, "लाव. लं. गं. दार."

ओफेलिया चुलीपाशी होती तिथं तिच्या हातातली पळी थांबली. इंतानाय भावाच्या तोंडाकडं बघत राहिली.

"चांगलं हाय का वाईट?" त्यानं विचारलं. "डुक्कर अजून लागनार काय?"

"न्हाई लागत," इंतानाय म्हणाली, आणि त्याला कळावं म्हणून आपल्या मोडक्या बोलीत पुन्हा म्हणाली, "दार लावलं म्हनते माय."

"कोनतं दार?" बिनवाग म्हणाला. "तिच्या घराले दार होतं कुठी? शिडी होती."

 भाऊ आत येताना दार उघडंच टाकून आला होता आणि वारा सरळ चुलीवर येत होता. ती त्याला काहीतरी म्हणणार होती. मग स्वतःच उठली.